मुकादमाला मी काय सांगितलं

आई,

मी कारखान्यात नाही, शाळेत चाललेय. मुकादमाला जाब विचारू नकोस. त्याची भाषा तुला कळत नाही आणि समजावून सांगायला आज मी नसेन.

काल तू म्हणालीस, "पोरीला उद्यापासून शिलाईला बसवा." मी त्याला सांगितलं, "आई म्हणते, पोरगी शाळा सोडणार नाही." त्याने विचारलं, "नक्की?" तू हसून जोरजोरात मान डोलावलीस. म्हणजे ठरलं ते तुझ्याच संमतीने.

भाजी चिरून ठेवलीय. बाबांना तूच सांग, त्यांच्याशी बोलायला तुला माझी गरज लागत नाही.

संध्याकाळी घरमालकाकडे भाड्याचं भांडायला तुझ्यासोबत मी येतेच. तिथे मात्र तुझी एकेक शिवी जशीच्या तशी पोचवीन.