तपशील देता येत नाही

खडकी, पुणे
रविवार

प्रिय श्यामराव,

मेहबूबचा सप्रेम नमस्कार. अमरावतीची हवा मानवली असेल अशी आशा आहे. (मानवली नसेल तरी तुमच्या गंधारने आता तिथेच घर घेतलंय, तेव्हा मानवून घ्या.) गुडघ्याचं कसं आहे? वहिनींना सलाम सांगा. इकडे आम्ही सर्व ठीक. मदिनाबीची शुगर आटोक्यात आहे, आणि माझ्यामुळे वाढणारं ब्लडप्रेशरही लवकरच येईल, कारण मी नोकरी शोधतोय.

पैशासाठी नव्हे, पेन्शन पुरते. पण सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की पाय आपोआप चपलेत जातात आणि मी दारात उभा राहतो. रोज. मदिनाबी म्हणते, "एक तर जा, नाहीतर आत या." शेवटी जायचं ठरवलं. वारज्याच्या एका सोसायटीला मॅनेजर हवा असल्याचं कळलं होतं. मला वाटलं, जाऊन भेटावं, दोन शब्द बोलावेत. आलिया म्हणाली, अब्बा, आधी रेझ्युमे पाठवावा लागतो. (आलिया म्हणजे आमची थोरली. आता एका आयटी कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात आहे. तुम्ही पाहिलीत तेव्हा फ्रॉकमध्ये होती.) मी बसून सुवाच्य अक्षरात चार पानं लिहिली: जन्म, वडिलांचं नाव, शाळा, उंची, स्वभाव, व्यसन नाही. तिने वाचून परत दिली. म्हणाली, "हे स्थळाचं झालं."

रेझ्युमे एका पानाचा असतो म्हणे. आपण काय काम केलं आणि त्यातून काय निष्पन्न झालं, एवढंच त्यात लिहायचं. तिने लॅपटॉप उघडला, 'अनुभव' असं टाईप केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कामाचं स्वरूप सांगा."

"पेट्या सांभाळायचो."

"कसल्या पेट्या?"

"ते सांगता येत नाही."

"अब्बा, तुम्ही रिटायर झालात."

"मी झालो. गुप्ततेच्या कागदावर केलेली सही नाही झाली."

तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. मदिनाबी आतूनच म्हणाली, "मला विचारू नकोस. लग्न झाल्यावर एकदा विचारलं होतं, तेव्हा यांनी पेट्यांचा रंग सांगितला." (रंग सांगायला मनाई नव्हती, हे तुम्हाला माहीत आहेच.)

खरं सांगतो, श्यामराव, त्या वेळी वाईट वाटलं. पडद्यावर 'अनुभव' हा शब्द आणि खाली नुसती पांढरी जागा. अख्खी नोकरी तिथे मावायची होती, आणि पोटच्या पोरीला मी एक ओळ देऊ शकत नव्हतो. तिलाही ते कळलं असावं. जरा हळू आवाजात तिने विचारलं, "बरं, निष्पन्न काय झालं ते तरी?"

म्हटलं, "काही झालं नाही."

"असं कसं लिहिणार?"

"अगं, कधीच काही झालं नाही. त्या शेडमध्ये काही झालं असतं तर तुला शाळेत ऐकू आलं असतं."

मग तिने टाईप केलं: 'संवेदनशील साठ्याची देखरेख. संपूर्ण सेवेत एकही दुर्घटना नाही.' वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. बाकी पान तिने कोरं सोडलं आणि म्हणाली, असू दे, छान दिसतंय.

परवा मुलाखत झाली. चेअरमन बद्रीनाथ, मूळचे परभणीचे, आणि खजिनदार रुपालीताई. बद्रीनाथांनी कागद वाचला, उलटा करून मागे पाहिलं, मग पुन्हा वाचला. म्हणाले, "अहो, यात तुम्ही काय केलं ते कुठे आहे?" मी म्हटलं, काही होऊ दिलं नाही. रुपालीताई कोरडेपणाने म्हणाल्या, "आधीच्या मॅनेजरांचा रेझ्युमे पाच पानी होता. त्यांच्या काळात पुष्कळ काही झालं." (लिफ्ट दोनदा बंद पडली, टाकी वाहून पार्किंगमध्ये तळं झालं, आणि सी विंगने पसंत केलेला रंग बी विंगला लागला. तो अजून तसाच आहे.) रुपालीताईंचं मत मला अनुकूल दिसलं. बद्रीनाथांचं मात्र समाधान होईना. म्हणाले, "तुमच्याबरोबर काम केलेल्या कुणाचा तरी नंबर द्या. खात्री करून घेतो."

बाकी विशेष काही नाही. प्रकृतीस जपा.

आपला,
मेहबूब

ता.क. नंबर तुमचा दिलाय. आधी विचारायला हवं होतं. पण बद्रीनाथ कालपासून फोन लावताहेत आणि तुम्ही उचलत नाही. माझाही उचलला नाहीत. अनोळखी नंबर येऊ नयेत म्हणून गंधारने फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं असणार, आणि त्यात मीही अनोळखी झालो असणार. श्यामराव नावाचं कुणी नाहीच, असं बद्रीनाथांना वाटू लागलंय. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच. कृपया फोन उचला आणि माझ्याबद्दल चार शब्द बोला.

ता.क. २. पाकीट चिकटवत होतो, एवढ्यात बद्रीनाथांचाच फोन आला. आज तुम्ही उचललात म्हणे. त्यांनी विचारलं, मेहबूब सय्यद तुमच्याकडे नेमकं काय काम करायचे? तुम्ही म्हणालात, "फोनवर सांगता येणार नाही," आणि ठेवून दिलात. बद्रीनाथ रुपालीताईंना म्हणाले, माणूस खरा दिसतोय, घेऊन टाकू. उद्या रुजू होतोय. चार शब्द मागितले होते, तुम्ही बरोबर चारच बोललात. आभारी आहे.