दोनशेवीसचं मशीन

अब्बा,

मागच्या आठवड्यात खिम्याचं मशीन घेतलं. विजेचं. इथे रियाधच्या ओलायातल्या मोठ्या दुकानात जाऊन, हात लावून, पारखून घेतलं, आणि घेताना सगळा वेळ तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावच्या कब्रस्तानात तुमच्या उशाचा चिरा एका बाजूला कलला आहे. तरी माझं भांडण संपत नाही. माणूस गेला की राग जातो म्हणतात. असं म्हणणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

मशीन लागलं ते तुमच्या नातवामुळे. तो जुबैलला एका कारखान्यात शिफ्टवर असतो. तिथला त्याचा एक सौदी मित्र रीतसर परवाना काढून हिवाळ्यात सशांच्या शिकारीला जातो, आणि आपला पोरगा सुट्टीला रियाधला येताना वाट्याचे ससे बर्फाच्या पेटीत घालून आणतो. रानातला ससा म्हणजे नुसता चिवट. कालवणात किती शिजवा, दातात अडकतो. खिमा करून कबाब केले तरच तोंडात जातो. मी म्हटलं, करीन की हाताच्या मशीनवर, अम्माचं आहे माझ्याकडे. तर म्हणतो, "ममा, हाथ से कौन करता है आजकल? इलेक्ट्रिक ले लो ना." कोण करतं म्हणे. त्याला काय माहीत कोणी केलं आणि कुठे केलं.

दुकानातला पोरगा मला वॅट सांगत होता, रंग दाखवत होता. मी विचारलं, आतली चक्रं धातूची की प्लास्टिकची? उलटं फिरवायचं बटण आहे का? जाळ्यांची भोकं केवढी, पातं काढून घासता येतं का? तो म्हणाला, "मॅडम, आप का रेस्टॉरंट है क्या?" मी म्हटलं, नाही बाबा, ससे आहेत. शिकारीच्या जनावराला बोकडासारखी चरबी नसते, अंगभर पांढरी चामट झिल्ली असते. ती पात्याला गुंडाळली की मशीन गुदमरतं, मग उलटं फिरवून सोडवावं लागतं. आणि बंदुकीचा छर्रा मांसात राहिला असेल तर प्लास्टिकचं चक्र तिथल्या तिथे मोडतं. म्हणून मांस आधी गार करायचं, झिल्ली सोलायची, बोटांनी चाचपून छर्रे काढायचे, मगच तोंडात घालायचं मशीनच्या. हे सगळं मी कुठल्या शाळेत शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे. रियाधच्याच अल सुलै भागातल्या त्या गोदामावरच्या दोन खोल्यांत शिकले, अम्माच्या शेजारी बसून.

ते लढाईचं वर्ष होतं. कुवेतवर इराक्यांनी कब्जा केला आणि तुमच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा होता त्या सौदी मालकाच्या, रियाधच्या घरात नातेवाइकांची रीघ लागली. कुणी कुवेतमधून निसटून आलेलं, कुणी खोबारहून भीतीने आलेलं. पन्नास तोंडं त्या घरात आणि कफीलला शिकारीचा नाद. उत्तरेला सीमेवर फौजा उभ्या, आणि हा आपला दक्षिणेच्या वाळवंटात बंदूक घेऊन सशांच्या मागे. आणि ते ससे कुठे? आपल्या दारात. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तुम्हीच त्याला सांगून आलात, "हमारी घरवाली खिमा बहुत अच्छा बनाती है." विचारलंत अम्माला? आयजीच्या जीवावर बायजी उदार. ती पहिल्या दिवशी टोपलं बघून एवढंच म्हणाली, "बिस्मिल्ला म्हणून मारलेत ना हे?" आणि तुम्ही खेकसलात, "सौदीच्या घरचं आहे, तू काय विचारतेस?"

तेव्हा आपल्याकडे विजेचं मशीन होतं, अब्बा. खोक्यात होतं. पलंगाखाली.

ते घेतलं तो दिवस मला लख्ख आठवतो. बथाचा बाजार, लढाईच्या आधीचा उन्हाळा. तुम्ही दुकानात शिरलात आणि अम्माला पुढे बोलावलंत. तिला वाटलं, आपल्यासाठीच. तिने बुरख्यातून हात काढून त्या मशीनच्या गळ्यावर असा ठेवला, जसा नव्या वासराच्या पाठीवर ठेवतात. मल्याळी दुकानदार म्हणाला, "भाई, ये टू-ट्वेंटी वोल्ट का है, तुम्हारे घर में वन-टेन होगा. इधर नहीं चलेगा. ये दूसरा लो." तुम्ही हसलात. "इधर किसको चलाना है," म्हणालात. "गाव का है." अम्माने हात मागे घेतला. घरी येईपर्यंत टॅक्सीत तुम्ही सगळा रस्ता मशीनचं कौतुक सांगत होतात.

गाव. डोंबलाचं गाव. आपल्या पलंगाखाली पुरं गाव भरलेलं होतं. मिक्सर गावासाठी, इस्त्री गावासाठी, काचेचा डिनरसेट गावासाठी, आणि आम्ही इथे तडे गेलेल्या बशांत जेवायचो. आपल्यातलं प्रत्येक घर असंच होतं, एकटे तुम्ही नव्हतात, तेही मला कळतं. पण खिम्याचं मशीन? मासे खाणारं गाव आपलं. वर्षातून दोनदा बोकड कापायचा तिथे, आणि त्याचाही रस्सा. कुणासाठी घेतलंत ते? चुलत्यांच्या घरी नव्हतं म्हणून. शोकेसमध्ये शोभेल म्हणून.

मग ससे आले आणि अम्मा हाताचं मशीन पलंगाच्या फळीला स्क्रूने आवळून बसू लागली. स्वयंपाकघरातला ओटा जाड होता, त्याला ते बसायचं नाही. म्हणून पलंग. वर ती दांडा फिरवतेय आणि तिच्या बरोबर पायाखाली ते नवंकोरं विजेचं मशीन खोक्यात झोपलेलं. मी झिल्ली सोलायची, छर्रे काढायची, आम्ही आळीपाळीने दांडा फिरवायचो. शाळा बंदच होती. शेजारच्या घरातली बायकापोरं एकेक करून मुंबईला निघून गेली. अम्मा म्हणाली, आम्हालाही पाठवा. तुम्ही म्हणालात, "पासपोर्ट कफीलकडे आहेत. आता मागितले तर म्हणेल पळतोय. खलास होईल सगळं." म्हणून मागितलेच नाहीत. त्याला खूश ठेवायचं, ससे दळून द्यायचे, म्हणजे लढाईनंतर तो आपल्याला विसरणार नाही, हा तुमचा हिशोब.

पुढे भोंगे वाजायला लागले. रासायनिक बॉम्ब येणार, एक खोली बंद करून ठेवा, फटींना टेप लावा, असं सगळे सांगत होते. आपण पलंगाची खोली बंद केली. एसीवर प्लास्टिक ताणून तो बंद केला. तेव्हा अम्माच्या डोक्यात आलं. ती शाळा शिकलेली नव्हती, पण घरातली प्रत्येक वस्तू तिला ठाऊक होती. म्हणाली, "एसीची लाईन वेगळी असता ना? दोनशेवीसची? एसी तर आता बंदच आहे. त्या प्लगात मशीन लावून बघूया." मला इतका आनंद झाला. तुम्ही कामावर होतात. तिने सुरीने खोका कापला, थर्माकोल काढला. आम्ही लावणारच होतो, तेवढ्यात तुम्ही आलात.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसते म्हणालात, "खोका फोडलास की वस्तू जुनी झाली गो. मग गावाला काय म्हणून न्यायची?" आणि शांतपणे थर्माकोल परत बसवून, खोका टेपने बंद करायला बसलात. ती टेप, अब्बा. बाजारात टेप मिळत नव्हती तेव्हा. अख्खं रियाध टेप शोधत होतं. न्हाणीघराच्या झरोक्याला लावायला ठेवलेला आपला शेवटचा रोल होता तो. तुम्ही तो खोक्याला गुंडाळलात, उभा, आडवा, कोपऱ्यांवर दोन-दोन पदर. झरोक्यात मी ओला टॉवेल कोंबला. विषारी वारा आला असता तर आम्ही गुदमरलो असतो, पण मशीन शाबूत राहिलं असतं. मला तुमचा राग येतो तो याचा. बाकी सगळं मी माफ करीन, टेपचं नाही करणार.

आणि लगेच त्याच आठवड्यात तो दिवस आला. मगरीबची नमाज होऊन गेली होती. अर्धं टोपलं खिमा बाकी, कफीलचा ड्रायव्हर इशाच्या नमाजाच्या वेळी न्यायला येणार. भोंगा वाजला. आपण तिघं बंद खोलीत. मी दाराच्या फटीला ओलं फडकं दाबतेय, तुम्ही कानाला रेडिओ लावून बसलेले, आणि अम्मा दांडा फिरवतेय, कारण बॉम्ब पडो न पडो, ड्रायव्हर येणार होता. मांस मी चाचपलेलं नव्हतं, वेळच मिळाला नाही. एक छर्रा पात्यात अडकला. दांडा थांबला. तिने अंगाचा भार टाकून जोर लावला, आणि दांडा सटकून उलटा फिरला. मनगटाचा आवाज झाला. बांगडी फुटते तसा. ती "या अल्ला" म्हणून खाली बसली. आणि तुम्ही रेडिओवरून मान न उचलता म्हणालात, "हळू गो, ऐकू येईना मला."

त्या क्षणी दूर कुठेतरी धडाका झाला, खिडक्या हादरल्या. तुम्ही म्हणालात, पडला बघ. मी अम्माचा हात धरून बसले होते. मला वाटत होतं, आमच्यावर पडला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी हळद-तेल, तिसऱ्या दिवशी शेक. डॉक्टरकडे नेलंत तेव्हा हाड आपल्या मनाने जुळून वाकडं बसलं होतं. त्यानंतर अम्माने तांदळाची भाकरी कधी थापली नाही. थापायला गेली की अंगठा धरत नसे, भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. अख्ख्या मोहल्ल्यात तिच्या भाकरीचं नाव होतं. आणि तुम्ही ताटावर बसून म्हणायचात, "हात जड झाला तुझा." एकदा नाही. मरेपर्यंत म्हणालात. ती हसायची. मी ताटावरून उठून जायचे, आणि तुम्ही म्हणायचात, पोरगी फार तापट झाली.

मशीन गावाला गेलं. शोकेसमध्ये बसलं, त्यावर क्रोशाचा रुमाल. दादी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझ्या लेकाने सौदीवरून आणला. तुम्ही गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला घर आवरताना मी ते काढून प्लगात लावलं. नुसतं घुमलं, फिरलं नाही. बसून बसून आतलं ग्रीस दगड झालेलं. एकदाही खिमा न करता ते मेलं. मी तिथेच हसत सुटले, बायकांना वाटलं दुःखाने झालं. अम्मा म्हणाली, "नको गो असा करू. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त आजच्या दिवसात राहता येत नव्हतं." तिने तुम्हाला माफ केलंय. तिचा हात, तिने माफ केलं, ठीक. मी काही तिच्याएवढी मोठी नाही.

तर सांगत होते, मशीन घेतलं. धातूची चक्रं, उलटं बटण, तीन जाळ्या, भक्कम. आता इथेही सगळीकडे दोनशेवीसच आहे, प्लगाचं निमित्त कुणाला सांगता यायचं नाही. काल पोराने दोन ससे आणले. मी झिल्ली सोलली, छर्रे काढले, मांस फ्रीजमध्ये गार केलं. खोका पुढे ओढला, कात्री घेतली, टेपवर टेकवली. आणि मनात आलं, चिपळूणला फ्लॅट घेतलाय, पोराचं लग्न होईल, सून येईल, तिला नवंकोरं दिलं तर. कात्री तशीच धरून मी किती वेळ बसले. मग उठले, अम्माचं हाताचं मशीन काढून टेबलाला आवळलं, आणि दोन्ही ससे दांडा फिरवून दळले. खांदा अजून दुखतोय.

संध्याकाळी अम्माचा फोन आला. हल्ली ती फोन डाव्या हातात धरते, मधेच कानावरून घसरतो, मग तिचा आवाज लांब जातो. तिने विचारलं, "मशीन कसा चालता गो?"

मी म्हटलं, छान चालतं अम्मा, अगदी लोण्यासारखा खिमा होतो. ती इतकी खूश झाली. खोका माझ्या पलंगाखाली आहे, आणि हे पत्रही त्याच्याच वर ठेवणार आहे.