मशीननं कबुली दिली

८ जुलै, मंगळवार
डोकं तापलं आहे. दहावी ‘ब’चे हिंदीचे निबंध तपासले. विषय ‘मेरा मोहल्ला’. अर्ध्या पोट्ट्यांच्या मोहल्ल्यात ‘विविधता में एकता’. यशदीप आमच्याच ब्राह्मणपाऱ्यात राहतो, त्याच्या निबंधात घराजवळ समुद्रकिनारा. रायपुरात समुद्र! विचारलं तर म्हणतो, सर, एआय ने दिया. लाजही नाही.
निश्चय: माझ्या वर्गात एआय बंद. एकेकाले पकडतो.

११ जुलै, शुक्रवार
स्टाफ मीटिंग. प्राचार्या प्रमोदिनी मॅडम म्हणाल्या, शाळेत एआय समजूतदारपणे कसा वापरायचा ते ठरवायले समिती करू. मी बराच वेळ बोललो. शेवटी मलेच अध्यक्ष केलं. विनोदिनी म्हणते, तुम्ही बोलायचं थांबावं म्हणून केलं असेल. बायकोले शाळेतलं राजकारण कळत नाही.
विज्ञानाच्या भावना मॅडम, कालपरवा नोकरीले लागलेल्या, म्हणाल्या की बंदी नको. पोरांनी एआयचं उत्तर वर्गात आणावं अन् त्यातल्या चुका शोधाव्या. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाले लागून. एआयनं खारून नदी उलटी वाहवली म्हणून पोट्टे तिथं भांडून राहिले होते. मले समास ओरडून शिकवावे लागले. याले शिकवणं म्हणत नाहीत.

१५ जुलै, मंगळवार
सापडली.
मोनाली. मागच्या बेंचवरची, वर्गात तोंड उघडत नाही. अन् निबंध पाहा. उरला या कारखान्यांच्या वस्तीत कपडे वाळू घालायच्या आधी आई हवा कोणत्या कारखान्याकडून येऊन राहिली ते पाहते. बाबा ड्युटीवरून आले की आधी डोळे धुतात, मग आम्हाला ओळखतात. वाचून माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाच ओळखलं. दहावीची पोट्टी माझ्या अंगावर काटा आणू शकत नाही.
पुरावा पाहिजे म्हणून फोनवर एआयलेच विचारलं, हे तू लिहिलं काय. म्हणे, नक्की सांगता येत नाही. दरडावून विचारलं. म्हणे, क्षमस्व, आपण बरोबर आहात, हे माझंच लेखन आहे.
बस. इतक्या लवकर कबूल होणारा चोर साऱ्या नोकरीत पाहिला नाही.
शून्य दिलं. काहून दिलं तेही वर्गासमोर सांगितलं.

१८ जुलै, शुक्रवार
त्या दिवसापासून मोनाली शाळेत नाही. पोट्टे तिले चोट्टी म्हणून राहिले असं कानावर आलं. त्यात माझा काय दोष? मी तो शब्द वापरला नव्हता.
आज तिचे वडील आले. दयारामजी, रोलिंग मिलमध्ये आहेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. ड्युटी सुटल्यावर तसेच आले. म्हणाले, पोट्टी शाळेत जायलेच नाही म्हणते. मी शांतपणे समजावलं. मराठी माणूस म्हणून मराठीत समजावलं. फोनवरची कबुली पुढं केली. त्यांनी तिकडं पाहिलंच नाही.
“सर,” म्हणाले, “हे मशीन माह्या घरी आलं होतं काय?”
मी फोन खिशात घातला.
नंतर प्रमोदिनी मॅडमनं बोलावलं. विचारलं, पोरीशी बोलले होते का? मशीन कबूल झाल्यावर पोरीशी काय बोलायचं? भावना मॅडमनं मध्ये तोंड घातलं: तिले समोर बसवून लिहू द्या. मी आनंदानं तयार झालो. सोमवारी प्रकरण संपते.

२१ जुलै, सोमवार
मोनाली आली. तिच्याजवळ फोन नव्हता, तरी दप्तर बाहेर ठेवायले लावलं. विषय ऐन वेळेवर मी दिला, ‘स्कूल में एक दिन’. मान खाली घालून लिहीत राहिली. मी समोरून हललो नाही.
लिहिलं काय, तर बाप शाळेत आला तो दिवस. आईनं विचारलं, सरांनी बसा म्हटलं का? बाप म्हणाला, मीच घाईत होतो. पुढं हे वाक्य: “हमारे बाबा झूठ बहुत धीरे बोलते हैं।”
संताप झाला. हा व्यक्तिगत हल्ला आहे. खुर्च्या होत्या. बसा म्हणायचं राहून गेलं. कामाच्या गडबडीत राहते.
तरी शंका नको म्हणून कागदाचा फोटो काढून एआयले दाखवला. नक्की सांगता येत नाही म्हणे. दरडावलं. क्षमस्व, आपण बरोबर आहात, हे माझंच लेखन आहे.
माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं! तसं सुनावलं, तर पुन्हा क्षमस्व, आपण बरोबर आहात. खोटारडं मशीन. अशा मशीनवर विश्वास ठेवणाऱ्या मास्तरांचं काय करावं? मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडतो.

२२ जुलै, मंगळवार
मुद्दा मांडायची गरज पडली नाही. शून्य रद्द. अध्यक्षपद भावना मॅडमकडे. मी स्वतःच सोडणार होतो.
प्रमोदिनी मॅडम म्हणाल्या, वर्गात चूक कबूल करा अन् मोनालीच्या घरी जाऊन या. वर्गात सांगितलं, तांत्रिक चूक झाली होती. पोट्टे “हव सर” म्हणाले अन् एकमेकांकडे पाहून हसले. मोनालीची जागा रिकामीच.

२६ जुलै, शनिवार
उद्या उरल्याले जायचं. काय बोलायचं ते लिहून नेलेलं बरं. मले सुचत नाही असं नाही, वेळ नाही. एआय विचारपूर्वक वापरा असं भावना मॅडमच म्हणतात. विचारपूर्वक वापरला. मराठी झकास उतरली. मोठ्यानं वाचून पाहिलं. विनोदिनी आतून म्हणाली, कोण गेलं?

२७ जुलै, रविवार
गेलो. दयारामजींनी आधी बसवलं. मी कागद काढून वाचला. ‘आपल्या भावनांना पोहोचलेल्या वेदनेची मला सखोल जाणीव आहे’ इथवर आलो. मोनाली दारात उभी होती.
“सर,” ती म्हणाली, “ये आपका नहीं है। आप ऐसे नहीं बोलते।”
मी विचारलं, मग कसा बोलतो?
“आप ग़ुस्सा करते हैं। पर अपना बोलते हैं।”
कागद खिशात घातला. आता अपना बोलायचं होतं. भाषेचा मास्तर, पण जे आठवे ते कागदावरचंच. पंखा गरगरत होता. आई चहा घेऊन आली, तीही तशीच उभी राहिली.
शेवटी “चुकलं” एवढंच निघालं. तेही हळू.
मिलमधल्या आवाजानं दयारामजींले कमी ऐकू येते. त्यांनी कान पुढं केला. म्हणाले, काय म्हणता, सर?
पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्यानं. शेजारचे बाहेर आले.