सख्ख्या भावांची डोकी

अण्णा,

तुमचं डोकं मागून चपटं का होतं, ते मला या उन्हाळ्यात कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

तुम्ही स्वतः त्या डोक्याची गोष्ट कधी काढली नाहीत. आईनं सांगितली. तुम्ही शाळेत होता तेव्हा औशाजवळच्या आपल्या गावात शहरातून माणसं आली होती. चावडीवर बसून त्यांनी एकेकाच्या डोक्याची लांबी-रुंदी लोखंडी चिमट्यासारख्या यंत्रानं मोजली. रांगेत काका पुढे, तुम्ही मागे. काकांचं डोकं लांबट निघालं, तुमचं मागून चपटं, म्हणून आखूड आणि रुंद. मोजणाऱ्यानं आकडे पाहिले आणि हसत विचारलं, दोघं सख्खे भाऊ का? तो संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. गाव विसरलं नाही. पुढे शेताच्या वाटणीवरून भांडण झालं, तेव्हा काका सगळ्यांदेखत म्हणाले की वाटा मागायच्या आधी तू कुणाचा ते बघून ये. तुम्ही वाटा सोडलात, नांदेडला येऊन गिरणीत लागलात. गावी फक्त आजीच्या मातीला गेलात. ती जिवंत असताना तिच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलला नाहीत, हे सांगताना आईचा आवाज खाली गेला होता.

आईनं हे सांगण्याआधी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मानववंशशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत तसलंच यंत्र घेऊन घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसला आहात, आई तव्यावरची भाकरी उलटते आहे, आणि मी उत्साहानं म्हणते, ‘अण्णा, जरा स्थिर बसा, माप घेते.’ तुमचा हात ताटातच थांबतो.

‘माझ्या डोक्याला हात लावायचा न्हाई,’ तुम्ही म्हणालात. ‘ह्याच्यासाठी शिकवायलो का तुला?’

अर्धी भाकरी टाकून तुम्ही उठलात. आयुष्यात माझ्यावर तेवढं एकदाच रागावलात. नंतर काही दिवसांनी गिरणीतून पांढरं कापड आणलंत आणि माझ्या पुढ्यात ठेवलंत, प्रयोगशाळेतल्या कोटासाठी.  कोट मी त्याचाच शिवला.

मग मी इथंच नांदेडला शिकवायला लागले. दर वर्षी मुलांना सांगत आले की डोक्याच्या रुंदीला लांबीनं भागून जो आकडा येतो, त्यावरून एके काळी माणसांचे वंश ठरवले, कोण वरचा, कोण खालचा हेही ठरवून टाकलं. तो आकडा डोक्याच्या आकारापलीकडे फारसं काही सांगत नाही. एकाच आईबापाच्या दोन पोरांची डोकी दोन तऱ्हेची असू शकतात. हे मी फळ्यापुढे उभं राहून ठामपणे सांगायची, आणि घरी आल्यावर काकांचे शब्द आठवायचे. शास्त्र पाठ होतं, पण ते पोटात उतरत नव्हतं.

या उन्हाळ्यात माझी लेक, तुमची नात, लातूरला बाळंत झाली. मुलगा. दोन-तीन महिन्यांत त्याचं डोकं मागून चपटं दिसायला लागलं आणि ती रडकुंडीला आली. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, बाळ सारखं उताणं निजतं म्हणून होतं, जागं असताना पालथं खेळवा, कड बदलत राहा, भरून येईल. बाळ बघायला औशाहून आत्या, तुमची मोठी बहीण, आली होती. आता नव्वदीच्या घरात आहे, दिसतं कमी, पण हातांना सगळं कळतं. तिनं त्याला मांडीवर घेतलं, डोक्याच्या मागून हात फिरवला आणि म्हणाली, ‘अगं, हे तर तुझ्या बापाचं डोकं.’

मी जवळ सरकले. तीच सांगत गेली. तुमच्या वेळी आजी बाळंतपणात फार आजारी पडली होती, अंथरुणातून उठत नव्हती. तुम्हाला सांभाळायला होती ही, स्वतःच लहान पोर. ‘मला तो पेलायचा न्हाई. लिंबाखाली घोंगडी टाकायची अन् उताणा निजवायची. हालला की पुन्हा उताणा. दिसभर तसाच. थोरला मातर माझ्या आज्जीच्या काखेत वाढला.’

‘आत्या, मग गावात बोलत होते तेव्हा सांगितलं का नाहीस?’

‘काय बोलत होते?’

तिला ठाऊकच नव्हतं, अण्णा. लग्न होऊन ती कधीच सासरी गेली होती, आईबद्दलचं असलं लेकीच्या कानावर कुणी घालत नाही, आणि तुम्ही कुणाजवळ तोंड उघडलं नव्हतंत. मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बाळाला थोपटत राहिली. ‘माझ्या आईला असं बोलले?’ एवढंच म्हणाली. मग मला म्हणाली, चल गावाला.

दुसऱ्या दिवशी गेलो. काकांचा मुलगा शेत करतो. त्यानं चहा ठेवला, आत्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी काहीतरी मोठं घडायची वाट बघत होते. तो म्हणाला, ‘बाबा रागात बोलले असतील, ताई. आमच्या घरात तर ते पुन्हा कधी निघालं न्हाई.’

परतताना मोटारीत मला आधी रडू आलं, मग हसू. त्यांनी जे बांधावरच टाकून दिलं होतं, ते तुम्ही नांदेडपर्यंत वाहून आणलंत आणि एकट्यानं सांभाळलंत. अण्णा, त्यात काहीच नव्हतं. एक आजारी आई होती, एक दमलेली बहीण होती आणि घोंगडीखाली कडक जमीन होती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक खरं सांगून टाकते. चुलतभावाच्या भिंतीवर काकांचा फोटो आहे. निघताना मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि, सगळं कळूनही, त्यांच्या चेहऱ्यात तुमचं नाक शोधलं. नाही सापडलं. मग चप्पल घातली, आत्याचा हात धरला आणि पायऱ्या उतरले.