सूनबाईची आलुबुखारं

ब्राउनश्वाइग,
१७ सप्टेंबर २००६

प्रिय व्याही आत्मारामपंत आणि सौ. विहीणबाई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा सुजला आहे, पण नमस्कारात कसूर नाही.) आपली साखर आटोक्यात असेल आणि विहीणबाईंचा गुडघा कुरकुरत नसेल अशी आशा करतो. इकडे तुमचे जावई हृषिकेश रोज वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात जातात, निशिगंधा युनिव्हर्सिटीत प्रबंध लिहिते आणि मी दोघांच्या घरात बिनपगारी सासरा आहे.

आपलं पत्र पोचलं. ‘परक्या मुलखात पोरीचे डोहाळे कोण पुरवणार? सातव्या महिन्यात तिला माहेरी धाडा,’ हे आपण दोनदा लिहिलंत, दुसऱ्यांदा खाली रेघ ओढून. राग नाही व्याहीबुवा, पण ती रेघ मला लागली. आमच्या घरात सासू नाही हे खरं. प्रभा असती तर तुम्हाला ही चिंता करायची वेळच आली नसती. पण म्हणून सासरा हातावर हात ठेवून बसलाय असं कुणी समजू नये.

आपल्या लेकीला डोहाळे लागले ते ना चिंचेचे ना कैरीचे. आलुबुखारांचे! (आपल्याकडे वाळकं मिळतं ते नव्हे. ताजं, जांभळं, लांबट. इथले लोक त्याला ‘त्स्वेचे’ म्हणतात. मी म्हणत नाही, कवळी नवी आहे.) इथे आली त्या वर्षी तिने कुणाकडे तरी खाल्लं होतं आणि रस कोपरापर्यंत ओघळला होता म्हणे. “बाबा, तसंच हवं,” एवढंच म्हणाली. डोहाळे अपुरे राहिले तर बाळाची लाळ गळते, हे मी तिला सांगितलं नाही. स्वतःशी मात्र घोकत निघालो.

सुपरमार्केटातली आलुबुखारं म्हणजे निव्वळ गोट्या. मी आंबा पारखतो तसं देठाशी नाक लावून एकेक हुंगू लागलो, तेव्हा तिथल्या बाई येऊन बरंच काही बोलल्या. मी ‘गेनाऊ, गेनाऊ’ म्हणत राहिलो (म्हणजे ‘अगदी बरोबर’; एवढ्या एका शब्दावर इथे माणूस सुशिक्षित दिसतो). परिणामी हुंगलेली सगळी विकत घ्यावी लागली. पण चिपळूणचा माणूस कच्च्या फळापुढे हार मानतो की काय? सरळ अढी घातली. पेंढा नव्हता, म्हणून हृषिकेशचे लोकरी मोजे अंथरले, वर फळं रचली आणि त्यावर त्याचा स्वेटर पांघरला. चार दिवसांनी कपाटातून गुत्त्यासारखा वास येऊ लागला. स्वेटर अजून जांभळा आहे. तुमच्या जावयांनी अवाक्षर काढलं नाही, हे आमचे संस्कार.

मग बस धरून गावाबाहेर गेलो. तिथे शेतरस्त्याच्या दोन्ही बाजूंना आलुबुखारांची झाडं, फांद्या जमिनीला टेकलेल्या, आणि राखणदार कुठे नाही! चोरीच्या फळाने डोहाळे पुरवायचे नाहीत म्हणून मी मालकाची वाट पाहत उभा राहिलो. शेवटी सायकलवरून एक आजोबा आले. झाडं कुणाची, हे मी हातवारे करून विचारलं. त्यांनी आधी सगळ्या गावाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. तरी खात्रीसाठी मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी एक फळ तोडून माझ्या खिशातच कोंबलं. तुकतुकीत होतं. मी ते नम्रपणे परत केलं आणि देठाशी सुरकुतलेलं तोडून त्यांच्या हातावर ठेवलं. (हापूससुद्धा सुरकुतला की खरा गोड होतो. तुमच्या कोल्हापुरात आंबा बाजारातून येतो, म्हणून मुद्दाम सांगतो.) आजोबांनी चाखलं आणि चक्क टोपी काढली! त्या आनंदात पिशवी भरताना माझा हात गांधीलमाशीवर पडला, पण पिशवी मी खाली ठेवली नाही.

निशिगंधाने ती आलुबुखारं मोरीशी उभी राहून खाल्ली. रस कोपरापर्यंत आला तशी ती हसली, मग रडली, आणि मलाही रडू आवरेना. तर व्याहीबुवा, सूनबाईचे डोहाळे पुरवले आहेत. या वाक्याखाली मीही रेघ ओढतो.

आपला,
भास्कर (सासरा आणि सध्या सासूही)

ता. क. आता मुद्द्याचं. निशिगंधाला बाळंतपणाला माहेरी यायचं नाही. प्रबंध नाताळाआधी द्यायचा आहे, शिवाय इथे बाळंतिणीजवळ नवऱ्याला उभं राहू देतात आणि तिला हृषिकेश जवळ हवा आहे. तुम्हाला सांगायचा धीर होत नाही म्हणून तिने मला पुढे केलं. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मला ठाऊक आहे. तरी परवानगी द्यावी, निदान माझ्या सुजलेल्या हाताकडे पाहून.

आणखी एक. हे पत्र वाचून मला सगळं जमतं असं विहीणबाईंना वाटेल. तसं नाही. फळं मी कुठूनही शोधून आणीन, पण तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालायचं ते प्रभाला यायचं, मला येत नाही. काल दार लावून उशी पायांवर घेऊन पाहिली. दोनदा घसरली. जानेवारीत विहीणबाईंना इकडे पाठवा हो.