अण्णा, तुमची राहून गेलेली दाढी

तीर्थरूप अण्णा,

तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. आज पत्र लिहायला बसलोय ते आठवण दाटून आली म्हणून नाही, डोकं फिरलं म्हणून. ज्यांच्याकडून मी तो महागडा सेफ्टी रेझर मागवला होता, त्यांचा सकाळी मोबाईलवर मेसेज आला. 'आमच्या रेझरबरोबरचा आपला अनुभव कसा होता? पाचपैकी किती तारे द्याल?' अकरा महिन्यांनी अनुभव विचारतायत! चहा अर्धा टाकून उठलो.

काय सांगू त्यांना? रेझर उत्तम आहे. मी रोज त्यानेच दाढी करतो, गाल गुळगुळीत होतात. त्याचीच तर शिसारी येते.

तुम्ही रोज सहाला दाढी करायचात. सणवार, ताप, बदली, काही आड यायचं नाही. कन्नौदच्या तहसील कचेरीत नाझर होतात तेव्हा आठ-आठ दिवस नळ कोरडा असायचा. तुम्ही चहाच्या पातेल्यातलं वाटीभर आधण काढून घ्यायचात आणि तेवढ्यात उरकायचात. आई अमावास्येला हटकायची, मंगळवारी हटकायची. "दाढीला तिथी लागत नाही," एवढंच म्हणून तुम्ही आरशाकडे वळायचात. मी एकदा विचारलं होतं, कचेरीत कोण तुमचं तोंड बघायला येतं? तुम्ही म्हणालात, "दाढी वाढलेल्या माणसाची अर्जी मी घेतो. पण दाढी वाढवून घेणार नाही. तो टोंकखुर्दहून पायी आलेला असतो."

अशा माणसाला लकवा झाला. उजवा हात गेला, जीभ गेली. दवाखान्यातून देवासच्या घरी आणलं तेव्हा हनुवटीवर पांढरे खुंट होते. दोनच दिवसांनी तुम्ही डावा हात उचलून गालावरून खाली ओढलात आणि माझ्याकडे पाहिलंत. दाढी कर. न समजण्यासारखं त्यात काय होतं?

न्हाव्याला बोलवावं तर आई दारातच आडवी. "घरात न्हावी बसला की घरातलं माणूस उठतं," हे तिच्या माहेरचं शास्त्र. तिच्या लेखी न्हाव्याने आपल्या अंगणात बसायचं ते फक्त दहाव्याला. "तू मुलगा आहेस ना? मग तू कर," म्हणाली. मी हो म्हटलं. तुमच्या जुन्या रेझरचे आटे झिजलेले, डोकं लटलट हलायचं. तुमची कातडी सैल पडली होती, त्याने कापलं असतं. तेव्हा नवा घ्यावा हा विचार काही वाईट नव्हता, अण्णा. सुरुवात खरी होती.

पण पुढे मी काय केलं ते ऐका.

चौकातल्या दुकानात गेलो. तिथे दोन तऱ्हेचे होते. एकाचं वजन विचारलं, दुसऱ्याच्या पात्याची फट किती ते विचारलं, कड सरळ हवी की दातेरी, यावर अर्धा तास खाल्ला. दुकानदार शेवटी वैतागला. "भिया, दाढ़ी बनानी है के ब्याव करना है इससे?" रेझरशी लग्न लावायचंय का म्हणे! मला राग आला. याला चांगल्या वस्तूची पारख नाही, असं मनात म्हणत घरी आलो आणि मोबाईल उघडून बसलो.

तिथे एक वेगळीच जमात आहे, अण्णा. बाप्ये माणसं रेझरला अंघोळ घालतात, मऊ फडक्यावर निजवतात आणि त्याचे फोटो काढतात. गालावरून हात फिरवत डोळे मिटून सुस्कारे टाकतात. हा सौम्य, तो तापट, याची दांडी आखूड, त्याचा तोल डोक्याकडे. ते बघताना तोंड कडू होतं आता. पण तेव्हा मीही त्यांच्यातलाच झालो होतो. मी लिहिलं, 'वडिलांना लकवा झाला आहे, कातडी सैल आहे, कुठला घ्यावा?' उत्तरांचा पाऊस पडला. आपल्या वडिलांची आज दाढी कोणी केली, असं त्यातल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही. बरं झालं म्हणायचं! मी काय सांगणार होतो?

गल्लीच्या टोकाच्या औषधाच्या दुकानात प्लास्टिकचे रेझर माळेने टांगलेले असतात. येता-जाता दिसायचे. त्याने अण्णांची कातडी सोलून निघेल, असं म्हणून पुढे जायचो. मोठा काळजीवाला!

तिसऱ्या आठवड्यात ताई धारहून आली. तुम्हाला बघून दारातच थबकली. मग माझ्याकडे वळली. "क्यों रे विलास, ये क्या हाल कर रखा है अण्णांचा? खाटेवर कोण साधू आणून निजवलाय?"

मी म्हटलं, "रेझर मागवलाय, शुक्रवारी येईल. चांगला आहे, स्टीलचा."

"शुक्रवारी? आण तुझा तो रोजचा. मी करते."

पण मुलीने दाढी करायची म्हटल्यावर तुम्ही भिंतीकडे मान वळवलीत. लाजलात. तिने हात मागे घेतला आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं. "तुला रेझर नकोय, विलास. तुला अण्णांच्या तोंडाला हात लावायचा नाहीये. बस, इतनी सी बात है."

मी केवढा भडकलो! नाही नाही ते बोललो. तू धारला बसून सल्ले देतेस, इथे रात्रंदिवस मी आहे, वगैरे. ती संध्याकाळच्या बसने गेली.

अण्णा, तिचं खरं होतं.

मला तुमची किळस यायची. लिहून टाकतो, कारण तोंडाने मी हे कुणालाच म्हणू शकलेलो नाही. उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची आणि खुंटात मुरायची. त्यात दलियाचे कण अडकायचे. दूध आंबल्यासारखा वास यायचा. पुसायची वेळ आली की मी टॉवेलचं टोक दोन बोटांत धरायचो, तोंड फिरवायचो आणि आईला हाक मारायचो. आणि मग बाहेरच्या खोलीत बसून चकचकीत रेझरचे फोटो बघायचो. ते किती स्वच्छ असायचे!

तुम्हाला हे कळत होतं का? नक्कीच कळत असणार. मग चिडला का नाहीत? भिंतीवर कॅलेंडर तिरकं लागलं तरी तुम्ही मला दोनदा खिळा काढायला लावायचात. डावा हात तर चालत होता ना? एक ठेवून द्यायचीत माझ्या थोबाडात! तुमच्यावर माझा राग असेल तर तो एवढ्याचाच आहे.

तुमची बदली बदनावरला होती तेव्हा माझ्या मानेवर गळवं झाली होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. शाळेत शेजारचा मुलगा नाक धरून लांब बसायचा. तुम्ही कचेरीतून आलात की सदरा काढायच्या आधी कोमट पाण्याने ती शेकायचात, दाबून पू काढायचात. एकदा तो तुमच्या चष्म्यावर उडाला. तुम्ही चष्मा धोतराच्या सोग्याला पुसलात आणि म्हणालात, "हं, आता दुसरं."

शुक्रवारी रेझर आला. मी डबी उघडली. वजनदार, थंड, सुरेख. तुम्ही खाटेवरून बघत होतात. तुमचा डावा हात उठला, गालावर गेला. आणि मी काय केलं? आधी स्वतःवर करून बघतो म्हणालो. तुम्हाला लागू नये म्हणून! आरशासमोर उभा राहून सावकाश, दोनदा फेस लावून मी माझी दाढी केली. परत आलो तेव्हा तुमचा हात अजून गालावरच होता.

मी म्हटलं, "उद्या करू, अण्णा. आज अमावास्या आहे."

मी म्हटलं हे. ज्याने जन्मात कधी पंचांग उघडलं नाही त्याने, तुम्हाला. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मग हात खाली घेतलात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईने हाक मारली तेव्हा तुम्ही गेलेले होतात.

अंघोळ घालताना मी म्हटलं, आता तरी दाढी करू द्या. गुरुजी नको म्हणाले, आई नको म्हणाली. शेजारचे म्हणाले, अण्णा अगदी ऋषीसारखे दिसतायत. मला ओकारी आली, मागच्या दारी जाऊन खरंच ओकलो. लोकांना वाटलं, मुलाला फार लागलं. दहाव्याला न्हावी आला, अंगणात बसला आणि दहा मिनिटांत त्याने माझी मिशी, दाढी, डोकं सगळं साफ केलं. तुमच्यासाठी माझं!

तारे मी दिले नाहीत. मेसेज पुसला आणि आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर पाय सोडून बसली होती. तिला आता वाकता येत नाही. तिच्या पायाची नखं मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. पिवळी, जाड, अंगठ्याचं तर वळून मांसात घुसायला आलंय. बोटांच्या बेचक्यांत मळ साचलाय. किती महिन्यांचं असेल? ती कधी बोलली नाही. मी बघतोय म्हटल्यावर तिने पातळ ओढून पाय झाकले.

आणि अण्णा, मी तसंच तोंड फिरवलं. अगदी तसंच. मनात आलंही, पायांची निगा करणारी बाई येते म्हणे घरी, तिचा नंबर शोधावा. चांगलं नेलकटर मागवावं, जाड नखांचं वेगळं मिळतं.

मोबाईल मी कपाटात ठेवून आलोय. घरातलं जे आहे तेच नेलकटर घेतलंय, बोथट आहे थोडं. आई म्हणतेय, "अरे, आज शनिवार, शनिवारी नखं कापतात का?" म्हणू दे. तुम्हाला वचन देतो, तिचा पाय मी मांडीवर घेईन, दोन बोटांत धरणार नाही. किळस येणारच. येऊ दे. किळस असली तरी हात चालतो, हे तुमच्या वेळेसच मी करून बघायला हवं होतं.

पाणी गरम झालंय. नखं भिजायला वेळ लागतो, म्हणून उठतो.

तुमचा,
विलास