एरंडेल लागलेले कट्टे

तांडा, शिरड शहापूर
ता. १८ मार्च

न्हाई जगन, आज आशीर्वाद मागून. आधी माझं ऐक. वसमतच्या एस.टी.त उभी होते मी, अन तू सख्ख्या बहिणीला म्हणालास की डाळीला तेल लावून वजन वाढवलंस. फोनवर तू मला तोंड उघडू देत न्हाईस, म्हणून कागदावर लिहून फोटो धाडून राहिले. पुरं वाच, मग ओरड.

दुबईच्या पुनमचंदशेठला शब्द मी दिलाय: तेल न्हाई, पॉलिश न्हाई, नुसती कोरी तूरडाळ. नमुना मीच धाडला. बचत गटाच्या बायांनी डाळमिलवर तूर भरडली, पाखडली, कट्ट्यात भरली तवर मी तिथंच होते. हाताला पीठ लागत होतं, तेल न्हाई. ही पहिली खेप पसंत पडली तर शेठ दरसाल आपली डाळ घेणार. न्हाई तर पुन्हा वसमतच्या व्यापाऱ्याच्या पायऱ्या, अन तो म्हणंल तो भाव. हे मी माझ्या हातानं नासवीन का? ट्रकवाल्याला विचार. तुमच्या गोदामात विचार.

याडीची तब्येत बराबर हाय. आईचाच जीव तो, माझं पोरगं तिकडं पोटभर जेवतं का, म्हणून रोज विचारती. मी व्हय म्हणते.

लोभ हाय, पण आज तुला दिसणार न्हाई.
संगिता

उरण
ता. १८, संध्याकाळ

ती. संगिताताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग खराच घातला समज, गोदामाची फरशी लई घाण हाय तरी.

तसं बोललो ते चुकलं. पण ताई, या एजंटच्या हपिसात मी रोज दुसऱ्यांचा माल बंदरावर चढवतो. आपल्या तांड्याचा हा पहिलाच. कौतुकानं खालचा एक कट्टा उसवला, हात घातला, तर हात चिकट. वास घेतला तर एरंडेल. आपल्या घरच्या रांजणाचा वास, ताई. ट्रकवाला एरंडेल कुठून आणंल? वरचे कट्टे कोरडे हायत, खालचे सगळे तेलकट. घरी विचार.

आता तपासणीवाल्यानं नमुना वरच्या कट्ट्यातून घेतला अन माल पास केला. परवा दुपारी कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला की माघारी येत न्हाई. आपण गप बसलो तर कुणाला कळंल? आमचे साहेब म्हणतात, घेणारा काही कट्ट्या-कट्ट्यात हात घालत न्हाई. घातलाच तर मात्र माल नाकारंल, अन परक्या बंदरात आपली डाळ बेवारस पडंल. जहाज बुडालं, माल भिजला तर विमावाले भरून देतात. आपणच लावलेल्या तेलाचं कोण देतंय?

पण न्हाई घालणार तो हात. गप राहू.

याडीला माझं जेवण झालं म्हणून सांग. माझ्यावरचा राग निवला की कळव.
जगन

तांडा
ता. १९, सकाळी

चि. जगन यास अ. आ. (कालचे धरून दोनदा.)

विचारलं. याडी भाकर थापत होती, मानसुद्धा वर केली न्हाई. म्हणाली, लावलं की. मी कागदांसाठी वसमतला गेलेले, ट्रकाला उशीर, अन कट्टे गटातल्या भिकाबाईच्या अंगणात. बायांचं बोलणं निघालं की डाळ जहाजात बसणार, चहूकडं पाणी, ओल धरंल, किडा पडंल. लेकीला सासरी वर्षाची डाळ देतो तवा कोरडी देतो का आपण? मग जिनं तिनं घरचं एरंडेल आणलं, कट्टे उसवले, हातानं चोळून पुन्हा शिवले. ट्रक आला तसं उरलेले कट्टे तसेच वर टाकले.

पॉलिश करायचं न्हाई, हे मी त्यांना बजावलं होतं. पण पॉलिश म्हणजे मशीनचं. घरचं तेल त्यांच्या लेखी पॉलिशच न्हाई. मला सांगितलं न्हाई, कारण त्यात सांगण्यासारखं काही हाय असं कुणाला वाटलंच न्हाई.

वर मला विचारती, राहिलेल्या कट्ट्यांसाठी जगनकडं बाटली धाडू का? मी ताट तसंच सोडून हा कागद घेतला.

कंटेनर थांबव. धाकटा हायस, एवढं ऐक.
संगिता

उरण
ता. १९, दुपारी

ताई, नमस्कार धर.

थांबवला तर जहाज चुकतं. जहाज चुकलं की शेठच्या बँकेनं दिलेल्या हमीची तारीख उलटती. मग माल घ्यायचा का न्हाई, ही शेठची मर्जी. तू जाणूनबुजून विहिरीत उडी मारून राहिली अन मला दोर धर म्हणतीस.

अन याडीला काय सांगशील? घरचं तेल आणून चोळणाऱ्या बायांना तोंडावर म्हणशील का, तुमी माल नासवला? माझ्यानं व्हणार न्हाई. उद्या मी गाडी आत घालून राहिलो. शेठला फोन केलास तर तुला याडीची आण.

एवढ्या वेळेला माझं चालू दे, बाकी जन्मभर तू म्हणशील ते.
जगन

तांडा
ता. २०, सकाळी

जगन,

आण मोडली. शेठला फोन केला. खालचे कट्टे, एरंडेल, सगळं सांगितलं. मग म्हणाले, ही डाळ तान्ह्या लेकरांच्या खाण्यात जाणार होती, तेल नको ते त्यापायी. जहाजावर चढवू नका. पुढं तुमचा माल घेईन का, ते आज सांगत न्हाई. फोन ठेवला. खरं बोललीस म्हणून शाबासकी वगैरे काही न्हाई. त्यांचा मेल तुझ्या साहेबाला पोचला असंल, तवा गेटाकडं पळू नको.

याडीला मीच सांगितलं, भिकाबाईच्या अंगणात, सगळ्यांसमोर. भिकाबाई रिकामं सूप पाखडत राहिली. मग याडीनं विचारलं, त्या लोकांत वर्षाची डाळ भरून ठेवत न्हाईत का? म्हणलं न्हाई, लागंल तशी दुकानातून आणतात. तिला त्यांची दयाच आली. पण तान्ह्या लेकरांचं ऐकलं अन माझ्यावर उखडली. म्हणाली, मी काय कुणाच्या लेकराला एरंडेल पाजीन? आधी काहून न्हाई बोललीस?

अन उठली. भाव वाढंल म्हणून ठेवलेली अख्खी तूर घरातून ओढत अंगणात आणली. मागून बाकीच्यांनी आणली. शेठनं हो म्हणलं न्हाई, मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं अन तूर डाळमिलकडं न्यायला लागल्या.

तेलाचे कट्टे माघारी आणायला प्रेमदासमामाचा ट्रक घेऊन मी अन याडी तिकडं येऊन राहिलो. याडी कवाची चढून बसली, मामाला हॉर्न वाजवायला लावून राहिली. तुझ्याकडं बोलायला लई असंल, मला ठाऊक हाय. म्हणून हा फोटो गेला की फोन बंद.

लोभ ठेवायचा का न्हाई, ते गोदामाच्या दारात ठरव. निघाले.
संगिता